परातीतला रवा आणि काडीचा काना : घरच्या घरी अक्षरओळख आणि वाचन

दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा होते आणि पुष्कळ घरांत त्याच सुमारास मुलाला अक्षरे शिकवायचे ठरते. बाजारातून वर्णमालेचा तक्ता येतो, तो भिंतीवर लागतो आणि रोज संध्याकाळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक फेरी सुरू होते. माझ्या भाचीच्या बाबतीत मीही हेच केले होते. चौथ्या वर्षी ती सगळी वर्णमाला क्रमाने म्हणत असे. मात्र मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवले की ती पुटपुटत ‘क’पासून सुरुवात करी, त्या अक्षरापर्यंत येई आणि मगच उत्तर देई. तिला येत होते ते अक्षरांचे गाणे. हे ध्यानात आल्यावर मी तक्ता काढून ठेवला आणि परातीतल्या रव्यापासून नव्याने आरंभ केला. पुढे जे लिहिले आहे ते तिच्याबरोबर आणि नंतर शेजारच्या मुलांबरोबर घरात करून पाहिलेले आहे. साधारण साडेतीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ते उपयोगी पडावे. दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि मूल जांभया देऊ लागले किंवा उगाच चाळे करू लागले, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवावा.

आधी कान

अक्षर दाखवण्यापूर्वी निदान महिनाभर केवळ ऐकण्याचे खेळ खेळावेत. ‘मगर’ हा शब्द कानाने तोडता आला नाही, तर डोळ्यांना दिसणारी तीन अक्षरे मुलाच्या लेखी तीन वेगळी चित्रेच राहतात. भाजी निवडताना टाळ्यांचा खेळ सहज खेळता येतो. भाजीचे नाव म्हणायचे आणि त्याचे जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या : मेथीला दोन, बटाट्याला तीन. ‘गवार’ म्हटल्यावर मुलाने दोनच टाळ्या वाजवल्या, तर त्याला चुकीचे ठरवू नये. आपण लिहितो तीन अक्षरे, पण बोलतो ‘ग-वार’, कारण शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ मराठीत बहुधा उच्चारलाच जात नाही. मुलाचा कान बरोबर आहे, आणि पुढे वाचताना याच कानावर आपल्याला विसंबायचे आहे.

दुसरा खेळ पहिल्या आवाजाचा. “मला या खोलीत ‘प’ने सुरू होणारं काहीतरी दिसतंय,” असे म्हणायचे आणि मुलाने पंखा, पाट, पलंग, पडदा असे शोधत जायचे. मग पाळी मुलाची. तो ‘ख’ म्हणून ‘कपाट’ दाखवील, तेव्हा हसून सोडून न देता कागदाची बोटभर रुंद पट्टी हातात घ्यावी, ती ओठांसमोर धरावी आणि ‘क’ व ‘ख’ दोन्ही म्हणून दाखवावेत. ‘ख’ म्हणताना पट्टी हलते, ‘क’ म्हणताना जवळजवळ हलत नाही. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘डोल’ आणि ‘ढोल’, ‘बाऊ’ आणि ‘भाऊ’ अशा जोड्या घेऊन हा पट्टीचा खेळ मुले कितीही वेळ खेळतात. अल्पप्राण आणि महाप्राण हे शब्द त्यांना कळण्याची गरज नाही, फरक ओठांना कळला की पुरे.

येथे ‘ळ’ आणि ‘ण’ या दोन अक्षरांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. मराठी शब्दाची सुरुवात या अक्षरांनी होत नाही, म्हणून आपण ‘ळ बाळाचा’ आणि ‘ण बाणाचा’ असे शिकवतो. भाचीने मला सरळ विचारले होते, “मावशी, बाळ तर ‘ब’चं आहे ना?” तिचे म्हणणे खरे होते, कारण आदल्या आठवड्यात पहिला आवाज ऐकायला मीच तिला शिकवले होते. ही दोन अक्षरे शेवटच्या आवाजाच्या खेळासाठी राखून ठेवावीत. ‘बाळ, फळ, नळ, माळ’ असे म्हणत जायचे आणि शेवटी काय ऐकू आले ते विचारायचे. तसेच ‘बाण, सण, खण, कोण’. भेंड्यांची ही पूर्वतयारीच आहे, आणि गावांच्या किंवा फळांच्या नावांच्या भेंड्या पाचव्या वर्षी चांगल्या रंगतात.

‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चाका’तला वेगळा; ‘जिभे’तला ज वेगळा आणि ‘जाळ्या’तला वेगळा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही. परप्रांतात किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना मात्र दोन्ही उच्चारांचे शब्द मुद्दाम ऐकवावेत, नाहीतर ती ‘चाक’ हा शब्द ‘चिमणी’सारखा वाचू लागतात.

गमभन का?

राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत १४ स्वर, ३४ व्यंजने, दोन स्वरादी (अं, अः) आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही दोन संयुक्त व्यंजने आहेत. ही ५२ चिन्हे ज्या क्रमाने मांडली आहेत तो क्रम उच्चारस्थानांचा आहे. कंठापासून ओठांपर्यंत जाणारी ती रचना फार सुंदर आहे, पण ती मोठ्या माणसाच्या समजुतीसाठी. मुलाने पहिल्याच आठवड्यात ‘ङ’ शिकून त्याचे करायचे काय? तो वापरून त्याला एकही शब्द वाचता येत नाही.

आपल्या जुन्या शिक्षकांना हे ठाऊक होते. ‘गमभन’ हा शब्द मराठीत आरंभाच्या शिक्षणासाठी रूढ झाला आहे तो उगाच नव्हे. ग, म, भ, न ही चारही अक्षरे उभ्या दांड्याची आहेत, त्यांची वळणे एकमेकांना जवळची आहेत आणि एक साधले की दुसरे हाताला लवकर येते. त्यांत ‘र’ मिळवला की शब्दांचा साठाच हाती येतो : मगर, गरम, नरम, नगर, मन, नग, भर, भरभर, गरगर. काना नाही, मात्रा नाही, आणि तरीही पाच अक्षरांवर मूल ‘मगर’ वाचते. पहिल्या पंधरवड्यात इतकेच करावे. दिवसाला एक अक्षर असा हिशेब न ठेवता, या पाचांपैकी कोणतेही अक्षर कुठेही दिसले तरी मूल पटकन ओळखते की नाही, एवढेच पाहावे. नंतरच्या गटात क, प, स, त, ळ घ्यावीत.

दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात आणू नयेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’, ‘प’ आणि ‘ष’ या जोड्यांतले एक अक्षर पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे घ्यावे, आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावावा. ‘भ’ आणि ‘म’ मात्र गमभनमध्ये एकत्र येतात, म्हणून मी ‘म’ आधी घेते आणि ‘भ’ सर्वांत शेवटी.

परात, कणीक आणि अंगण

पूर्वीच्या शाळांत मुले धुळाक्षरे गिरवीत, म्हणजे पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षर काढीत. ती पद्धत आजही घरात सहज करता येते. पसरट परातीत किंवा ताटात वाटीभर जाड रवा घालून तो हलकेच सारखा करावा आणि मुलाचे बोट हातात धरून एकदाच अक्षर काढून दाखवावे. बोट चालत असताना अक्षराचा आवाज लांबवून म्हणावा : ‘न’चे वळण सुरू झाल्यापासून दांडा खाली येईपर्यंत ‘नऽऽ’. मग परात हलवली की अक्षर पुसले जाते. मुलांना या पुसण्याचाच आनंद फार असतो, कारण चूक झाली तरी ती उरत नाही. रांगोळी वापरायची असेल तर ती फार बारीक नसावी, कारण तिची पूड नाकातोंडात जाते. लहान मुलांसाठी रवाच बरा.

पोळ्या करताना कणकेचा एक गोळा मुलाला द्यावा. त्याने पोळपाटावर हाताने वळी करायची आणि ती वळवून ‘ग’ किंवा ‘र’ करायचा. ‘र’ला एकच वळी पुरते, ‘ग’ला दोन लागतात आणि ‘म’ला एक छोटी गाठ मारावी लागते. पेन्सिल धरण्याआधी बोटांत जी ताकद यायला हवी, ती या वळ्यांनी येते. वाळूत, कणकेत आणि खडूने मोठाली अक्षरे काढून झाल्याशिवाय दुरेघी वहीत गिरवायला बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. चार वर्षांच्या मुलाला ओळीत बसवून पानभर ‘अ’ काढायला लावले की त्याचा हात दुखतो आणि अक्षराविषयीच अढी बसते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते १९५७ साली कोसबाडला नेले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागड्या मॉन्टेसरी साहित्याच्या जागी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया अशी परिसरात मिळणारी साधने त्यांनी वापरात आणली. आजही घरात एवढेच साहित्य पुरते. खडूने फरशीवर मोठा ‘म’ काढून त्याच्या रेषेवर चिंचोके किंवा सागरगोटे मांडायला द्यावेत, आणि मांडणी जिथून लिहायला सुरुवात होते तिथूनच व्हावी याकडे लक्ष ठेवावे. तीन वर्षांखालचे भावंड घरात असेल तर चिंचोके नकोत. ते घशात अडकू शकतात. त्या घरात पाने आणि फुलांच्या पाकळ्या वापराव्यात.

अंगण किंवा गच्ची असेल तर ठिकरीसारखी घरे आखून प्रत्येकात एक अक्षर लिहावे. मोठ्याने ‘गरम’ म्हणायचे आणि मुलाने लंगडी घालत ग, र, म या घरांत याच क्रमाने जायचे. शब्द डावीकडून उजवीकडे जातो, ही गोष्ट पायाला कळते.

काडीची जादू

मराठी शिकणाऱ्या मुलाची खरी कसोटी अक्षरांत नसून कानामात्रेत आहे, आणि घरोघरी नेमका इथेच खेळ थांबतो व पाठांतर सुरू होते. बाराखडी गाऊन पाठ करायला हरकत नाही, तिची लय मुलांना आवडते. पण ‘क का कि की’ घडाघडा म्हणणारे मूल ‘नाक’ वाचेलच असे नाही. त्याला हे दिसले पाहिजे की काना हे वेगळे चिन्ह आहे आणि ते अक्षराला लावले की आवाज बदलतो.

यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर एकेक अक्षर ठळक लिहावे आणि काना म्हणून आईस्क्रीमची स्वच्छ धुतलेली काडी घ्यावी. समोर ‘ग’ आणि ‘र’ ठेवायचे. मूल वाचते : गर. फणसाचा किंवा नारळाचा गर त्याला माहीत असतो. आता काडी ‘ग’च्या पुढे ठेवायची : गार. ती उचलून ‘र’च्या पुढे ठेवायची : गरा, म्हणजे फणसाचा एक गरा. शेवटी दुसरी काडी द्यायची आणि काहीही न बोलता थांबायचे. भाचीने दोन्ही काड्या लावून “गारा!” असे ओरडून खिडकीकडे पाहिले होते, कारण त्याच आठवड्यात गारा पडल्या होत्या. अशीच दुसरी चौकडी ‘मळ, माळ, मळा, माळा’ ही आहे. एका काडीच्या जागेवरून शब्दाचा अर्थ पार बदलतो, हे मुलाच्या हातून घडले पाहिजे. काडी आपण हलवायची नाही.

काना पक्का झाला की दहा अक्षरांवर मामा, काका, नाना, नाक, कान, पान, साप, मासा, ताक, माळ असे ओळखीचे शब्द मोकळे होतात. शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्या टोपलीत टाकाव्यात. चिठ्ठी वाचायची आणि तिच्यावरची वस्तू दाखवायची किंवा अभिनय करून दाखवायचा. ‘साप’ आल्यावर घरभर सरपटण्याची मुभा असावी.

वेलांटीत मी दुसरी वेलांटी आधी घेते. ती अक्षराच्या उजवीकडे येते, म्हणजे ज्या क्रमाने दिसते त्याच क्रमाने ऐकू येते. शिवाय मराठीत काही मोजके शब्द सोडले तर शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घच असते, त्यामुळे मामी, काकी, आजी, पाणी, भाकरी असे कितीतरी शब्द लगेच वाचता येतात. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणून मुले तेथे अडखळतात. त्यांना “ही वेलांटी पुढे उभी राहते, पण बोलते मागून” असे सांगून ‘दिवा’, ‘किडा’, ‘चिमणी’ हे शब्द दाखवावेत आणि दोनचार आठवडे द्यावेत. उकार, मात्रा आणि अनुस्वार यानंतर फारसा त्रास देत नाहीत. ‘मोर’ हा शब्द वाचता आला की मुलाला मोराचे चित्र काढू द्यावे.

अक्षरे सुटी येतात पण शब्द जुळत नाही, अशी तक्रार अनेक पालक करतात. मूल ‘म… ग… र…’ असे तीन वेळा म्हणते आणि गप्प बसते. अशा वेळी अक्षरे एका श्वासात, ओढत, एकमेकांना चिकटवून म्हणून दाखवावीत : ‘मऽगऽर’. नंतर वेग वाढवावा. शेवटच्या ‘अ’ची गोष्ट येथे पुन्हा कामी येते. ‘र’ पूर्ण न म्हणता अर्धवट सोडला की शब्द ओळखीचा वाटतो.

घरातली आणि रस्त्यावरची अक्षरे

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ठळक अक्षरांत रवा, डाळ, साखर, मीठ, गूळ अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि “जरा साखरेचा डबा दे” असे रोज म्हणावे. काही दिवसांनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून ठेवावी. ही चोरी पकडायला मुलांना फार आवडते. वर्तमानपत्राच्या मथळ्यांतले सगळे ‘म’ पेन्सिलीने गोल करायला द्यावेत. एसटी थांब्यावर उभे असताना फलकावरचे आपल्या गावाचे नाव आधी तुम्ही दाखवावे, पुढच्या खेपेला मुलाने शोधावे.

चिठ्ठ्या शक्यतो हाताने लिहाव्यात. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा असतो, तर अनेक फोनवर आणि संगणकावर ही अक्षरे हिंदी वळणाने उमटतात, आणि नुकतेच शिकणारे मूल ती वेगळीच अक्षरे समजते. इंदूर-बडोद्यापासून लंडनपर्यंत जी मराठी कुटुंबे मुलांना फोनवरून अक्षरे दाखवतात, त्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावे.

रोज रात्री मांडीवर घेऊन पुस्तक वाचण्याला मात्र कोणताच पर्याय नाही. वाचताना शब्दांखालून बोट सरकवावे, ओळखीच्या ओळीतला शेवटचा शब्द मुलासाठी सोडावा, आणि तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी कंटाळा दाखवू नये. पाठ झालेल्या गोष्टीवर बोट फिरवतानाच पुष्कळ मुलांना “हा शब्द म्हणजे हाच” हे पहिल्यांदा उमगते.

त्याच्याच बोलण्याचे पुस्तक करणे हा मला सर्वांत आवडलेला उपक्रम आहे. दिवसभरात काय झाले ते मुलाने सांगायचे आणि आपण ते त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहायचे, वर त्याने चित्र काढायचे. मूल “आज्यानं मला बोरं दिली” असे म्हणाले तर तसेच लिहावे, ‘आजोबांनी’ असे सुधारून नव्हे. घरात पाण्याला ‘पानी’ म्हणत असतील तर या वहीत ‘पानी’च असावे. स्वतःचे शब्द कागदावर जसेच्या तसे दिसले की ते वाचण्याची ओढ वाटते, आणि प्रमाण रूपे गोष्टींच्या पुस्तकांतून त्याच्या कानावर पडतच असतात.

जोडाक्षरांची घाई नको. अण्णा, गप्पा, चप्पल, रस्सा असे तेच अक्षर दोनदा येणारे शब्द आधी दाखवावेत. रफार आणि ‘र’ची बाकीची रूपे शाळेसाठी ठेवावीत. मुलाच्या नावातच जोडाक्षर असेल तर ते नाव चित्रासारखे ओळखले तरी चालते. हाक मारल्यावर मूल वारंवार “काय?” विचारत असेल, किंवा सारख्या आवाजांत त्याला कधीच फरक ऐकू येत नसेल, तर अक्षरांचा हट्ट बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्यावेत.

मूल दोनतीन अक्षरी शब्द वाचू लागले की त्याच्या उशाशी रोज एक चिठ्ठी ठेवावी. एका ओळीत एवढेच : ‘कपाटात पाहा’. कपाटात दुसरी चिठ्ठी, तिच्यावर ‘पाटाखाली’, आणि पाटाखाली चार शेंगदाणे किंवा गुळाचा खडा. काही आठवड्यांनी उलटी चिठ्ठी येते. भाचीने मला लिहिलेली पहिली चिठ्ठी अशी होती : ‘मवशी मल बर पहजे’. मी तिच्यावर लाल शाईने काहीही केले नाही. दुसऱ्या कागदावर उत्तर लिहिले : ‘मावशीने बोरं आणली. तुला पाहिजेत ना? डबा उघड.’ ते तिने बोट ठेवून वाचले, ‘मावशी’वर परत आली, आपल्या चिठ्ठीशेजारी ते उत्तर धरले आणि पेन्सिल मागितली. ‘म’च्या पुढे एक काना पडला. ‘पहजे’ तसेच राहिले, आणि ती बोरांच्या डब्याकडे पळाली.